ऑप्शनमध्ये अडकलेले आजोबा

आपण लिहिलेलं नाटक आपणच करायला दुसऱ्याची परवानगी मागायची, ती मिळायची नाही, आणि नाही म्हणणारी बाई इतकी गोड की तिच्यावर धड रागावताही यायचं नाही, हा अनुभव मी कॅनडात घेतला. पुण्यात असते तर निदान भांडले असते.

त्या वेळी आम्ही टोरांटोच्या एटोबिको भागात नवं घर घेतलं होतं. मी एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करायचे, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायचे आणि त्याचा पगार घ्यायचे. तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत एक प्रहसन असायचं. पहिल्या वर्षी लिहायला कोणी नव्हतं म्हणून मी हात वर केला, आणि पुढे तो खाली घ्यायची संधी कोणी दिलीच नाही. त्यातल्याच एका प्रहसनाची ही गोष्ट.

प्रहसन साधं होतं. टोरांटोतलं एक मराठी जोडपं घराचं बेसमेंट भाड्याने द्यायला काढतं. नेमके त्याच वेळी पुण्याहून आजोबा आलेले असतात, आणि दोघं ऑफिसला गेली की भाडेकरूंच्या मुलाखती आजोबा घेतात. त्यांना मुलाखतीची एकच पद्धत ठाऊक, मुलगी बघण्याची. ते येणाऱ्याला पोहे देतात, मूळ गाव विचारतात, चालून दाखवायला सांगतात, गाता येतं का विचारतात. शेवटी जो भाडेकरू सगळ्यांना पसंत पडतो तोच "विचार करून कळवतो" म्हणून निघून जातो आणि घरात सुतक पडल्यासारखं होतं.

आजोबांचं काम काकांनी केलं. ते माझे नात्याने कोणी नव्हते. मंडळात सगळेच त्यांना काका म्हणत. दूर पश्चिमेकडच्या रेजिना शहरात डॉक्टर म्हणून उभं आयुष्य काढून ते निवृत्तीनंतर काकूंबरोबर एटोबिकोच्या एका काँडोत, म्हणजे फ्लॅटमध्ये, राहायला आले होते. मुलगा व्हँकुव्हरला. नाटकाचं वेड कॉलेजपासूनचं, पण रेजिनात ते आले तेव्हा मराठी घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. "नाटक बसवलं असतं तर सगळे स्टेजवर आणि समोर फक्त बर्फ," असं ते म्हणायचे. त्यामुळे ही हौस त्यांची उतारवयात भागत होती, आणि उपाशी माणूस जेवतो तसे ते तालमीला यायचे.

खरं सांगायचं तर प्रहसनातल्या टाळ्यांच्या निम्म्या जागा त्यांच्या होत्या. भाडेकरू म्हणतो, मी घरून काम करतो. माझ्या संहितेत पुढे आजोबांचं लांबलचक वाक्य होतं. काकांनी ते गाळलं, चष्म्यावरून त्या माणसाकडे बघितलं आणि अगदी सहानुभूतीने म्हणाले, "म्हणजे नोकरी नाही." दुसरी जागा गाण्याची. गोऱ्या भाडेकरूला गाणं म्हणायला सांगितल्यावर तो बिचारा दुसरं काही सुचत नाही म्हणून कॅनडाचं राष्ट्रगीत सुरू करतो. प्रयोगात काका आयत्या वेळी ताडकन उठून उभे राहिले, हात शरीराला चिकटवून. त्यांना बघून पुढची रांग उठली आणि मग अख्खा हॉल. लोक उभे राहून हसत होते, आणि बसावं की नाही ते कोणालाच कळत नव्हतं. मी विंगेत पाणी घेऊन उभी होते, ते माझ्या साडीवर सांडलं.

हसण्याबद्दल काकांचं एक शास्त्र होतं. "सभ्य हसू घशातून येतं, खरं पोटातून," ते सांगायचे. "मी डॉक्टर आहे, कुठून काय येतं ते मला कळतं. आणि एक लक्षात ठेव, जो 'फार विनोदी आहे हो' असं सांगायला येतो ना, तो हसलेला नसतो."

त्या प्रयोगाला माझ्या ऑफिसमधला एक सहकारी बायकोला घेऊन आला होता. ती टेलिव्हिजनसाठी मालिका तयार करणाऱ्या एका छोट्या कंपनीची मालकीण. मराठीचं अक्षर येत नाही, हातात आम्ही वाटलेला इंग्रजी गोषवारा. प्रयोगानंतर ती मला शोधत आली आणि म्हणाली की यावर अर्ध्या तासाची इंग्रजी कॉमेडी लिही, मला ऑप्शन घ्यायचंय. मी काकांना विचारलं. त्यांनी क्षणाचाही विचार केला नाही. "ती बाई तिसऱ्या रांगेत होती. मी बघत होतो. पोटातून हसत होती. जा."

म्हणून मी गेले.

ऑप्शन म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं नव्हतं, आता झोपेतून उठवलं तरी सांगेन. कंपनी तुमचं लिखाण विकत घेत नाही. ते विकत घेण्याचा हक्क फक्त राखून ठेवते, थोडे पैसे देऊन, दीड वर्षासाठी. त्या काळात ते घेऊन ती चॅनेलवाल्यांचे उंबरठे झिजवते. चॅनेलने होकार दिला तर खरा व्यवहार. नाही दिला तर मुदत संपल्यावर तुमचं तुम्हाला परत. मात्र मुदत चालू असताना तुम्ही ते दुसऱ्या कोणाला दाखवायचं नाही, छापायचं नाही, रंगमंचावर आणायचं नाही. आणि मुदत संपता संपता त्यांनी पुन्हा तेवढेच पैसे दिले की मुदत वाढते. त्यासाठी तुम्हाला विचारावं लागत नाही, कळवलं की झालं.

मी हे काकूंना समजावून सांगत होते. म्हटलं, साखरपुड्यासारखं आहे, फरक एवढाच की मोडायची मुभा एकाच बाजूला. काकू म्हणाल्या, "साखरपुड्यात निदान साडी तरी मिळते गं."

करार आम्ही आमच्या वकिलाला दाखवला. आमचा वकील म्हणजे ज्याने आमच्या घराचे कागद केले तो. दुसरा वकील आम्हाला माहीतच नव्हता, आणि एकदा माणूस आपला म्हटला की दात दुखला तरी आपण त्यालाच विचारतो. त्याने पानं उलटली आणि म्हणाला, "मी घरांचं बघतो, पण मला तरी ठीक वाटतंय." यावर आम्ही निर्धास्त झालो.

तिथपर्यंतही सुटकेची एक फट उरली होती. करार माझ्याशी होता, काकांनी भरलेल्या जागा अजून काकांच्याच होत्या. ती फट मीच बुजवली, तीही मोठ्या भक्तिभावाने. कंपनीकडून ईमेल आली, या लिखाणात आणखी कोणाचा हातभार आहे का? आता मंडळात वाढलेल्या बाईला हा प्रश्न विचारल्यावर ती काय करणार? मी आभारप्रदर्शन केलं. काकांनी कुठल्या जागा भरल्या ते सविस्तर लिहिलं. पडदे बसवणाऱ्यांचं लिहिलं, 'आजोबांनी पोहे द्यावेत' असं सुचवणाऱ्या काकूंचं लिहिलं, तालमीला बेसमेंट देणाऱ्या कुटुंबाचं लिहिलं, चहाचं लिहिलं. कोणाचं नाव राहिलं असल्यास क्षमस्व, असंही लिहिलं असेन.

त्यांच्या वकिलाला ते वाचून घाम फुटला म्हणे. इतके वाटेकरी! मालिका करायची तर मालकीची साखळी कशी स्वच्छ हवी, मध्ये कोणी नातेवाईक उभा राहायला नको. त्याने प्रत्येकासाठी एकेक कागद पाठवला, की माझी या लिखाणावरची सगळी मालकी मी सोडून देतो. मी ते गठ्ठ्याने घेऊन घरोघर हिंडले. चहावाल्या वहिनींनी सहीआधी तो नवऱ्याला दाखवला. काकांनी तर वाचलाही नाही. जेवणाच्या टेबलावर लोणच्याची बरणी बाजूला सारून, प्रिस्क्रिप्शनवर करायचे तशी सही ठोकली आणि म्हणाले, "माझ्या वाक्यांना चांगलं स्थळ मिळतंय, मी कशाला आडवा येऊ?"

पुढचं वर्ष मजेत गेलं, असं मला तेव्हा वाटत होतं. मीटिंगा व्हायच्या. काचेची खोली, पाण्याच्या बाटल्या, चॅनेलचा एक तरुण अधिकारी. तो प्रत्येक पानाला "दॅट्स सो फनी" म्हणायचा आणि त्याच्या चेहऱ्यावरची रेष हलायची नाही. मला काकांचं शास्त्र आठवायचं, पण मी ते मनातच ठेवायचे. मग सूचना यायच्या. आजोबा जरा तरुण करता येतील का? भाडेकरूने का गायचं, ते प्रेक्षकांना पटेल का? बेसमेंटऐवजी कॉफी शॉप केलं तर? एका मसुद्यात आजोबांची मावशी झाली. पुढच्यात मावशी फक्त फोनवर उरली. मी एकेक बदल करत गेले, कारण दर वेळी वाटायचं की एवढा केला की होकार येईल. आमच्या लेकीने एक मसुदा वाचला आणि विचारलं, "आई, व्हेअर डिड आजोबा गो?" मी तिला अभ्यासाला बस म्हणून सांगितलं.

त्या हिवाळ्यात काकांनी मला मॉलमध्ये भेटायला बोलावलं. बाहेर बर्फ असला की म्हातारी माणसं सकाळी दुकानं उघडायच्या आत मॉलमध्ये फेऱ्या मारतात. काका त्यातले. फेरी मारता मारता त्यांनी उजवा हात खिशातून काढून मला दाखवला. तो थरथरत होता.

"पार्किन्सन्स आहे," ते म्हणाले. "हाताचं काही नाही. आजोबांचा हात थरथरलेलाच बरा दिसतो. पण माझ्या पेशंट्सचं मी बघितलंय. काहींचा आवाज जातो. शब्द असतात, नुसता वारा येतो. माझा आवाज जायला सुरुवात झाली आहे, काकूला अजून वाटतं तिलाच कमी ऐकू येतंय."

मी त्यांच्या पावलाशी पाऊल जुळवलं.

"उन्हाळ्यात इकडच्या सगळ्या मराठी मंडळांचं अधिवेशन आहे. मोठा हॉल आहे. तुझे आजोबा मला एकदा तिथे करायचेत. मग आवाज गेला तरी चालेल."

चालणार नव्हतं, पण ते तसं म्हणाले.

मी त्याच दिवशी कंपनीच्या मालकिणीला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं. तिच्या वडिलांना असंच काहीसं झालं होतं, ती फोनवर रडली. मग म्हणाली, बघते. आठवड्याने तिचं उत्तर आलं. चॅनेल नेमकं निर्णयाच्या उंबरठ्यावर आहे, अशा वेळी नाटक कुठे झालं, कोणी चित्रण करून इंटरनेटवर टाकलं, तर सगळं ओम्फस होईल. वकील नको म्हणतोय. थोडंच थांबा. "आय ॲम सो सो सॉरी." ती खरंच सॉरी होती. तेच तर वाईट होतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं माझं झालं.

नवरा म्हणाला, करून टाका गुपचूप, तिकडे मराठी कोणाला कळतंय? पण अधिवेशनाच्या समितीला लेखी पाहिजे होतं की प्रयोगाचे हक्क आमच्याकडे आहेत. आणि काकाही तयार झाले नाहीत. "मी सही केलीय," म्हणाले. लोणच्याची बरणी सारून केली असली तरी सही ती सही.

मग मी हट्टाला पेटले आणि दुसरं प्रहसन लिहिलं. फक्त काकांसाठी. निवृत्त पोस्टमास्तर, दारातला बर्फ उपसण्यावरून शेजाऱ्याशी भांडण, असं काहीतरी. दोन आठवड्यांत लिहून त्यांच्या हातात ठेवलं. त्यांनी माझ्यासमोरच वाचलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि कागद मिटवला.

"मी हसलो नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल," ते म्हणाले. "हसता आलं असतं. पण तुला खोटं हसू देणार नाही. तू लिहिणारी आहेस."

मला राग आला. गाडीत बसून मी रडले, आणि घरी गेल्यावर ते प्रहसन पुन्हा वाचलं. त्यांचं बरोबर होतं.

अधिवेशन आलं आणि गेलं. आमचं मंडळ लावणीचा कार्यक्रम घेऊन गेलं. काका प्रेक्षकांत बसले होते.

चॅनेलचा तो अधिकारी नोकरी सोडून व्हँकुव्हरला गेला. त्याच्या जागी आलेल्या बाईला आधीच्याने जे जे पाळलं होतं ते सगळं नकोसं, पण नाही म्हणायचीही घाई नव्हती. आमचं घोंगडं भिजत पडलं. दीड वर्ष संपत आलं तेव्हा मी मनातल्या मनात तयारी केली, सुटलो म्हणून. आणि पाकीट आलं. आत चेक आणि चिठ्ठी, आम्ही मुदत वाढवत आहोत, आमचा तुमच्यावर अजून विश्वास आहे. विश्वास होता म्हणून तर सुटका नव्हती. मी तो चेक परत पाठवायला निघाले होते. नवऱ्याने करार काढून दाखवला, त्यांनी पाठवला की मुदत वाढलीच, तू तो बँकेत घाल नाहीतर फ्रीजला लाव.

दरम्यान काकांना आवाजाचे व्यायाम सुरू झाले होते. क्लिनिकमधली मुलगी त्यांना मोठ्याने 'आ' करायला लावायची, मग मोठ्याने वाक्यं म्हणायला. एकदा काकूंना जमणार नव्हतं म्हणून मी त्यांना घेऊन गेले. ती म्हणाली, तुम्हाला पाठ असलेलं काहीही म्हणा, तुमच्या भाषेत म्हणा. काका ताठ बसले, चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं आणि आजोबांचा प्रवेश सुरू केला. पोहे, मूळ गाव, जरा चालून दाखवा. आवाज फाटत होता, पण थांबायच्या जागा एकही चुकली नाही. त्या मुलीला मराठी येत नव्हतं. तरी "म्हणजे नोकरी नाही" ला ती खळखळून हसली, पोटातून. काकांनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या.

गाडीत म्हणाले, "हा प्रयोग धरला जाईल का, विचार त्या वकिलाला."

तो त्या नाटकाचा शेवटचा प्रयोग. तेव्हा आम्हाला दोघांनाही ते माहीत नव्हतं, किंवा मला नव्हतं.

नंतर आवाज भराभर उतरला. आधी फोनवर कळेनासं झालं, मग टेबलापलीकडून. मंडळात लोक त्यांच्याशी बोलताना स्वतःच दोन्ही बाजूंचं बोलून टाकायचे. मी कंपनीला आणखी एकदा विचारलं, निदान काकांच्या घरी, चार माणसांत? "अगदीच खासगी असेल तर वकिलाला विचारते," ती म्हणाली. वकिलाचं उत्तर यायच्या आत काका पडले आणि महिनाभर हॉस्पिटलमध्ये राहिले.

दुसरी मुदत संपली तेव्हा चेक आला नाही, ईमेल आली. चॅनेलने नकार दिला होता, कंपनी मुदत वाढवणार नव्हती. सगळे हक्क तुमच्याकडे परत, नाटकाचेही, तुमच्याबरोबरचा प्रवास फार सुंदर होता. मी ऑफिसमधून तशीच निघाले आणि काकांच्या काँडोवर गेले.

काका खिडकीजवळच्या खुर्चीत होते. तिथून विमानतळावर उतरणारी विमानं दिसायची. काकू चहा टाकायला आत गेल्या. मी स्टूल ओढून अगदी त्यांच्या जवळ बसले आणि मोठ्याने सांगितलं, काका, सुटलं. आजोबा आपले झाले. आता कोणाला विचारायला नको.

त्यांना कळलं. डोळ्यांत लगेच दिसलं. त्यांनी पाठ खुर्चीपासून सुटी केली, हनुवटी वर घेतली, प्रवेशाआधी घ्यायचे तशी, आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघून काहीतरी बोलले. ओठ हलले. नुसता वारा आला.

"काय म्हणालात काका?"

ते पुन्हा बोलले. सगळा जीव लावून बोलले, मानेच्या शिरा ताणल्या गेल्या. मी कान त्यांच्या तोंडाशी नेला होता. मला एक शब्द कळला नाही. एवढं मात्र कळलं की तो विनोद होता, कारण शेवटच्या शब्दाआधी ते थांबले, नेहमी थांबायचे तेवढंच, आणि बोलून झाल्यावर ते वाट बघत होते.

तिसऱ्यांदा विचारायचा धीर मला झाला नाही. मी हसले. बऱ्यापैकी मोठ्याने हसले.

काकांची हनुवटी खाली आली. ते माझ्याकडे बघत राहिले.

माझं हसणं ऐकून काकू चहा घेऊन लगबगीने बाहेर आल्या. त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी कितीतरी दिवसांत बघितला नव्हता. "काय म्हणाले गं?" त्यांनी विचारलं. "मलाही सांग ना."

मी काय सांगते ते ऐकायला काकाही थांबले होते.